इंग्रजी राहिलंय

आमच्या भागात मूल जन्मतःच साहेब असतं. बारशालाच त्याचं नाव रावसाहेब, अण्णासाहेब, बाळासाहेब असं काहीतरी ठेवून टाकतात, आणि मग तो साहेब पुढे आयुष्यभर उसाला पाणी भरतो, म्हशीचं शेण काढतो, नाहीतर कारखान्याच्या गेटवर चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभा राहतो. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर असे दोन साहेब होते. थोरला रावसाहेब, ज्याला मी दादा म्हणायचो, आणि धाकटा मी, भाऊसाहेब. आमच्या दोघांच्या मधे कुसुम होती. मुलींना साहेब करण्याची पद्धत नव्हती. मी सांगतोय त्या दिवसांच्या दोन-तीन वर्षं आधी ती पोटाच्या दुखण्याने गेली होती, आणि गेल्यापासून तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. असं कुणी ठरवलं नव्हतं. एखाद्या खोलीचं दार पावसाने फुगून बसावं आणि घरच्यांनी गुपचूप दुसऱ्या दाराने ये-जा सुरू करावी, तसं ते झालं होतं.

दादाचं इंग्रजी राहिलं होतं. या वाक्याचा अर्थ आताच्या पोरांना कळायचा नाही, म्हणून सांगतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सक्तीच्या इंग्रजीचा पेपर असे आणि त्या पेपरात निबंध असे. निबंधात माणूस गचकला की पेपर जाई, आणि पेपर गेला की पदवी जाई. बाकी सगळे विषय सुटलेले, इंग्रजी तेवढं राहिलेलं, अशा तरुणांची आमच्या तालुक्यात एक वेगळी जमातच तयार झाली होती. लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे बी.ए. छापलेलं असे, राहिलेलं इंग्रजी छापायची कुणाला गरज वाटत नसे. दादा या जमातीत बराच मुरलेला होता. तो परीक्षेला बसे, नापास होई, पुन्हा बसे. मी त्याच्या मागून शाळेत गेलो, त्याच्या मागून कॉलेजात गेलो, आणि अखेर एका वर्षी असं झालं की दोघांना एकच पेपर, एकाच दिवशी, एकाच केंद्रावर आला. वडिलांना याचं फार बरं वाटलं. जाण्या-येण्याला सोबत झाली, असं ते म्हणाले.

पण त्या वर्षी सोबतीपेक्षा जास्त काहीतरी होतं. दादा कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं जिथे वजन होतं तिथे, हंगामी कामाला होता. गाळप सुरू झालं की नोकरी सुरू, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की घरी. टाइम ऑफिसमधले एक कारकून निवृत्त होणार होते आणि ती जागा कायमची होती. आमच्या गटाच्या संचालकांनी वडिलांना शब्द दिला होता, “पोरगा ग्रॅज्युएट करून आना, जागा त्याची.” बेलापूरच्या एका घरातली मुलगीही दादाला सांगून आली होती, तिच्या वडिलांनी दादाला नीट न्याहाळून एवढंच विचारलं होतं की नोकरी कायम कधी होणार. म्हणजे जागा पदवीवर अडलेली, लग्न जागेवर अडलेलं आणि हे सगळं एका इंग्रजी निबंधावर. विद्यापीठाला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

तो हिवाळा मला आवाजांवरून आठवतो. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि पाळीवरची माणसं सायकलींवरून खाकरत जायची. उसाच्या बैलगाड्या रस्त्याने जाताना घुंगरांचा आवाज आधी दुरून, मग अगदी उशाशी, मग पुन्हा दुरून येई. पलीकडच्या मळ्यात ऑइल इंजिन एकाच सुरात फुकफुकत राही. आई चुलीपुढे भाकऱ्या थापायची, आणि त्या थापण्याच्या तालावर आम्ही दोघं भिंतीला टेकून निबंध घोकायचो. ताटात बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, कधी कढी, कधी मासवड्या. तव्यावरून भाकरी उतरली की आधी कुणाला वाढायची हेही इंग्रजीवर ठरे: ज्याचा परिच्छेद न अडखळता झाला, त्याला. मी त्या हिवाळ्यात भरपूर गरम भाकरी खाल्ली. दादाला बहुतेक दिवस निवलेली मिळाली, आणि त्याने कधी तक्रार केली नाही. कारखान्याची काळी भुकटी उडत येऊन दुधावर बसायची, आई ती बोटाने काढायची आणि म्हणायची, “प्या आता, साखरंचीच हाय.”

निबंध आम्हाला कुलथे सरांनी दिले होते. सर कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मे महिन्यातही कोट घालत. कोटाच्या खिशात दोन पेनं असत, त्यांतलं एक चालत नसे, पण ते पुढे असे. सरांचा सिद्धांत असा की पेपर काढणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे पाचच निबंध असतात. ते पाच त्यांनी आम्हाला तयार करून दिले होते, आणि त्यांतला थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचा निबंध “या खेपेला शंभर टक्के,” असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत. मागच्या खेपेलाही त्यांनी तीच मूठ आपटली होती. निबंधात एक प्रकाशकाका होते, त्यांची मोटार होती, सूर्यास्त होता, घोड्यावरची रपेट होती, आणि शेवटी मन प्रसन्न होऊन माणूस घरी परतायचा. आमच्या वर्गातल्या एकानेही थंड हवेचं ठिकाण पाहिलं नव्हतं. त्याने कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते फक्त दादाचं.

दादा मंद नव्हता, हे मला ठासून सांगितलं पाहिजे. वाचनालयातली मराठी पुस्तकं त्याने फडशा पाडल्यासारखी वाचली होती. वाचायची गोडी मला त्याच्यामुळेच लागली. पण न घडलेली गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची म्हटली की त्याच्या जिभेला कुलूप लागे. मोटारीपर्यंत तो जाई. सूर्यास्तही कसाबसा पार करी. घोड्यापाशी आला की थांबे.

“भाऊ, म्या घोड्यावर कधी बसलो?”

“अरे, तू न्हाई. निबंधातला तो.”

“त्यो कोन? लिवलंय तर ‘आय’ असं. आय म्हंजी मीच की.”

“मग बसला हुतास, समज.”

“समजून कसं चालंल? पडलो असतो ना म्या.”

आई चुलीपुढून विचारी, “कुटं गेलाय रं त्यो?”

“थंड हवेच्या ठिकाणी, आई.”

“आन् ह्यो काका कोनाचा म्हनं?”

“आमचाच. प्रकाशकाका.”

आई भाकरी उलटताना थांबायची. “तुमच्या आज्याला यकच ल्योक. हा कुटनं आला?” दादा एवढा हसायचा की घोडा त्या दिवसापुरता राहूनच जायचा. दुपारी मी त्याचा डबा घेऊन काट्याच्या केबिनवर जायचो. गाडी काट्यावर चढायची, तो वजन लिहायचा, पावती फाडायचा आणि दोन गाड्यांच्या मधे मला एक वाक्य म्हणून दाखवायचा. गाडीवानांना हे ठाऊक झालं होतं. “रावसायेब, घोडं सुटलं का अजून खुट्यालाच हाय?” असं ते वरून ओरडत. बायका मोळ्यांवर बसल्या बसल्या पदर तोंडाला लावून हसत. त्या पूर्वेच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडीला आलेल्या असत. आमच्या इंग्रजीने त्यांना दिवसाची तेवढीच करमणूक होती.

पुढे मी शिक्षक झालो आणि मराठीचे निबंध तपासण्यात जन्म काढला. माझ्या हाताखालून किती प्रकाशकाका गेले असतील, सांगता येत नाही. त्या सगळ्यांना मी पास केलं. आता जिल्ह्याचं नाव बदललं, माझी नात इंग्रजीत भांडते आणि मराठीत फक्त झोपेत बोलते. पण तिच्या वहीतही परवा एक घोडा दिसला.

परीक्षेचं केंद्र श्रीरामपूरला होतं. ऊन असं की एसटीच्या खिडकीची लोखंडी पट्टी धरवत नव्हती. पेपर हातात पडला. थंड हवेचं ठिकाण आलं नव्हतं. चार विषय होते, त्यांतला एक ‘आठवणीत राहिलेला प्रवास’ असा होता. माझ्यासारख्या गरम भाकरीवर वाढलेल्या उमेदवाराला एवढं पुरेसं होतं. प्रवास म्हटल्यावर मोटार आलीच, मोटारीत काका आलेच. मी घाट चढलो, सूर्यास्त पाहिला, घोड्यावर बसलो आणि प्रसन्न मनाने उरलेल्या प्रश्नांकडे वळलो. दादा दोन रांगा पुढे बसला होता. त्याची पाठ मला दिसत होती. तो बराच वेळ नुसता बसून होता, मग लिहायला लागला, आणि वेळ संपायच्या पुष्कळ आधी उठून गेला.

स्टँडवरच्या रसवंतीत आम्ही बसलो. त्याने रस मागवला आणि ग्लास तसाच ठेवला.

“दादा, कंचा लिवला?”

“प्रवास.”

“मग घोडं?”

“न्हाई. म्या कुसुमचा लिवला.”

कुसुमला नगरला नेलं तेव्हा मी नव्हतो. आई माहेरी पारनेरला गेली होती आणि वडिलांनी मला तिला आणायला पिटाळलं होतं. वडील स्वतः गेले नाहीत. त्या दिवशी आमची पाटपाण्याची पाळी होती, आणि पाळी चुकली तर ऊस पुढची पाळी येईपर्यंत तहानलेला राहतो. दादा तिला उसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये घालून एकटाच निघाला. मी आणि आई परत आलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. दादा एवढंच म्हणाला होता, “इळद घाटात गेली.” म्हणजे नगरच्या अगदी तोंडाशी. त्याला पुढे कुणी काही विचारलं नाही.

आता रसवंतीत त्याने मला पेपरात काय लिहिलं ते सांगितलं, आणि ते इंग्रजीतच सांगितलं. त्याच्याकडे थोडेच शब्द होते, पण एवढ्या निबंधाला ते पुरले. आम्ही ट्रकने नगरला निघालो. बहीण केबिनमध्ये होती. रस्ता खराब होता. राहुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लागेल, थेंबभर पाणी देऊ नका. कुसुमने पाणी मागितलं. मी दिलं नाही. पुन्हा मागितलं. मी दिलं नाही. मग घाट आला. निबंध तिथे संपला होता. शेवटी मन प्रसन्न व्हायला हवं, तो परिच्छेद नव्हता. पान अर्धंच भरलं होतं, असं तो म्हणाला.

तो फार चांगला निबंध होता असं मी म्हणणार नाही. त्यात चुकाच चुका होत्या. पण मी रस पिऊ शकलो नाही. एवढं मात्र आम्हा दोघांना तिथेच कळलं की दादाचं इंग्रजी याही वर्षी राहिलं. टाइम ऑफिसची जागा, बेलापूरचं स्थळ, सगळं त्या अर्ध्या पानात गेलं होतं. “घरी सांगू नको,” दादा म्हणाला. “निकालापत्तुर राहू दे त्येंचं सुख.”

त्यांचं सुख मात्र घरात मावेना. त्याच उन्हाळ्यात गावात बसथांब्याची शेड झाली आणि तिच्या उद्घाटनाला संचालक येणार असं ठरलं. सोसायटीचे चेअरमन वडिलांकडे आले. एका घरातले दोन भाऊ एकदम पदवीधर होणार, हा गावाचा बहुमान; तेव्हा त्याच मंडपात दोघांचा सत्कार उरकून घ्यायचा.

“पन निकाल लागायचाय अजून,” मी म्हणालो.

“निकाल काय, लागंल त्यो त्याच्या टायमाला,” चेअरमन म्हणाले. “सायेब पुन्यांदा येत न्हाईत. मंडप हाय, हार आनलेत, आमटी-भाकरीचं आवतन गेलंय. तुमच्या विद्यापीठासाठी दोनदा मांडव घालायचा का?”

आमच्याकडे सत्कार हा माणसाचा नसतोच, मंडपाचा असतो. माणूस सापडेल तो. दादा वडिलांकडे बघत होता. वडील चेअरमनसाठी चहा सांगायला आत वळले होते आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की दादाने उघडलेलं तोंड मिटलं.

मंडपात तापलेल्या कापडाचा वास होता. पहिल्या रांगेत वडील फेटा बांधून बसले होते; बायकांच्या बाजूला आई. संचालक बोलले, चेअरमन बोलले, कुलथे सर कोटात घामाघूम होऊन बोलले आणि म्हणाले की निकाल ही आता केवळ औपचारिकता आहे. आमच्या गळ्यात हार पडले, अंगावर शाली आल्या, हातात नारळ आले. नारळ कुठे ठेवायचा हे मला कळेना. तेवढ्यात संचालकांनी माइक पुन्हा ओढला. “रावसाहेब आता आमच्या टाइम ऑफिसात येणार. होऊन जाऊ द्या दोन शब्द इंग्रजीत! गावालाही कळू द्या, शेतकऱ्याचं पोरगं काय करू शकतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “सोड घोडं, रावसायेब!”

मला वाटलं, दादा सहल म्हणेल. इतक्या माणसांपुढे निदान मोटारीपर्यंत तरी जाईल. तो माइकसमोर उभा राहिला, नारळ काखेत धरला, आणि म्हणाला, “वुई वेंट टू नगर बाय ट्रक. माय सिस्टर कुसुम वॉज इन केबिन.”

टाळ्या.

“माय फादर वॉज गिव्हिंग वॉटर टू शुगरकेन. इट वॉज अवर टर्न.”

‘शुगरकेन’ हा शब्द संचालकांना ओळखीचा होता. त्यांनी हात वर करून टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. वडील शेजारच्या माणसाकडे झुकले. त्यांचे शब्द मला स्टेजवर ऐकू आले. “उसाचं सांगतोय,” ते म्हणाले.

“डॉक्टर सेड नो वॉटर. कुसुम आस्क्ड वॉटर. आय डिड नॉट गिव्ह.” दादाचा आवाज जराही हलला नाही; काट्यावर वजन वाचून दाखवावं तसा तो एकेक वाक्य खाली ठेवत होता. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. घाटापाशी तो थांबला, थँक यू म्हणाला आणि खुर्चीवर येऊन बसला. कुलथे सर माझ्या शेजारी होते. त्यांनी टाळ्या वाजवायचं मधेच सोडलं होतं. बुटांकडे बघत ते हळूच म्हणाले, “आस्क्ड फॉर वॉटर पाहिजे.” आणि चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसू लागले. त्यांच्याविषयी मी जे काही बरं-वाईट लिहिलं आहे, त्यात हेही धरावं.

आमटी-भाकरीची पंगत उठल्यावर आईने मला गाठलं.

“काय म्हनला रं त्यो?”

“त्येच. सहलीचं.”

“त्ये मला पाठ झालंय,” आई म्हणाली. “त्यात कुसुम कुटं हाय?”

मी पत्रावळी उचलायला लागलो. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. निकाल पाऊस लांबलेल्या दिवसांत लागला. मी पास झालो. दादा नापास झाला. टाइम ऑफिसात दुसऱ्या कुणाचा तरी पदवीधर मुलगा लागला. बेलापूरहून निरोप आला की मुलीचं दुसरीकडे जमतंय. दादा पुन्हा परीक्षेला बसला नाही. काट्यावर तो वर्षानुवर्षं हंगामी राहिला, पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली. सत्कार झालेला असल्यामुळे गावाने त्याची पदवी कधी परत घेतली नाही. गाडीवान त्याला ‘बीए’ म्हणत. आधी त्यात टोमणा होता, मग नुसती सवय उरली. तो गेला तेव्हा गावाने लावलेल्या फ्लेक्सवरही नावापुढे बी.ए. होतं. मी ते छापू दिलं.

पण निकालाच्या दुपारी मी सायकल भिंतीला लावून ही बातमी सांगितली, तेव्हा घरात आम्ही चौघंच होतो. वडिलांच्या डोक्यावर फेटा नव्हता, अंगावर साधं बंडी-धोतर होतं, आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते. त्यांचा आवाज मात्र चढला.

“साऱ्या गावाम्होरं हार घालून घेतला. आता त्वांड कुटं दाखवायचं म्या? आरं, बारकं पोरगं पास हुतंय, आन् तू? लिवलं तरी काय हुतंस त्या पेपरात?”

दादा गव्हाणीवर बसला होता. वडील पुन्हा ओरडले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, “त्यानं आपल्या कुसुमचं लिवलं. मांडवात म्हनला त्ये त्येच हुतं.” तिला हे मी सांगितलं नव्हतं; मंडपातल्या एका नावावरून तिने ताडलं होतं.

वडील तिच्याकडे बघत राहिले. मग दादाकडे वळले. “कुसुमचं काय?”

मग दादाने ते मराठीत सांगितलं. मराठीत ते आणखीच लहान झालं. “पानी मागत हुती. डागदर न्हाई म्हनला हुता. म्या दिलं न्हाई.” मग म्हणाला, “घाटापत्तुर मागत हुती.”

आई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. ती रडली नाही. गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती, तेवढाच आवाज होता. वडील खाटेच्या कडेवर टेकले. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. नोकरीचं ते त्यानंतर एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. मग त्यांनी विचारलं ते अगदी हळू, परक्या माणसाला विचारावं तसं.

“आमी हितंच हुतो की रं सगळी. मंग ह्ये त्या पेपरवाल्यांना कशापायी सांगायचं? इंग्रजीत?”

दादाने वर पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“हितं कुनी इचारलं न्हाई, आबा,” तो म्हणाला. “त्येंनी इचारलं.”